भीतीचा हिशेब आणि तारापूर

तारापूरच्या अणुवीज केंद्रावर युद्धात कोणी बॉम्ब टाकू नये, हे नेमके कुठे लिहून ठेवले आहे? ७ मे २०२५ रोजी बोईसर-तारापूर पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी राहिला नव्हता. नागरी संरक्षणाच्या सरावासाठी केंद्र सरकारने देशभरातल्या ठिकाणांची जी यादी काढली, तिच्या पहिल्या वर्गात महाराष्ट्रातली तीनच नावे होती: मुंबई, उरण आणि तारापूर. सराव आधी जाहीर झाला होता, पण त्याच दिवशी पहाटे पाकिस्तानविरुद्ध ‘ऑपरेशन सिंदूर’ झाले, आणि भोंगे, अंधार, माणसे हलवण्याची तालीम या सगळ्याला एकाएकी वेगळाच अर्थ आला.

बहुतेक शिकलेली माणसे या प्रश्नाचे उत्तर देतील, ‘जिनिव्हा करारात असेल.’ ते फार तर अर्धे बरोबर आहे. १९४९ चे चार जिनिव्हा करार भारताने १९५० मध्ये स्वीकारले, १९६० मध्ये संसदेने त्यांच्यासाठी कायदाही केला. पण जखमी सैनिक, बुडालेल्या जहाजांवरचे नौसैनिक, युद्धकैदी आणि शत्रूच्या ताब्यातले नागरिक यांच्यासाठीच्या त्या करारांत अणुभट्टीचा शब्दही नाही. तो आहे १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या कलम ५६ मध्ये. १७० हून अधिक देशांनी तो प्रोटोकॉल मानला आहे. भारताने त्यावर सही केलेली नाही. पाकिस्तानने १९७७ मध्येच सही केली, पण पुढची मान्यता दिली नाही. म्हणजे ज्या दोन देशांमध्ये तारापूरचा प्रश्न उभा राहू शकतो, त्या दोघांनाही हे कलम करार म्हणून लागू नाही.

तारापूरला नावानिशी झाकणारा कागद दुसराच आहे, आणि तो जिनिव्हात नव्हे, इस्लामाबादेत झाला. त्याच्याकडे येण्याआधी थोडे मागे जायला हवे. युद्धातही काही गोष्टींना हात लावायचा नाही, ही कल्पना या किनाऱ्याला परकी नाही.

जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला सुरुंग उडवून आणि तट चढून घेतला. फिरंगी शर्थीने लढले, बाजी भिवराव रेठरेकर तिथे पडले. चार महिन्यांनी वसई पडली, पण ती वेगळ्या रीतीने. तटाला खिंडारे पडली होती, हजारो मराठे कामी आले होते, आणि शेवटी तह झाला. पोर्तुगीज शिबंदीने हत्यारांसह, वाद्ये वाजवीत, सन्मानाने बाहेर पडावे; कुटुंबे आणि चीजवस्तू न्यायला मुदत मिळावी; मागे राहतील त्यांनी आपला धर्म पाळावा. याची आठवण आपण मराठ्यांच्या उदारपणाचा दाखला म्हणून काढतो, आणि उदारपणा त्यात होताच. पण काळ पाहा. मे महिना, पाऊस तोंडावर, उत्तरेत नादिरशहा, आणि आतले फिरंगी शेवटच्या माणसापर्यंत लढले तर आणखी किती माणसे जातील याचा अंदाज तारापूरने आधीच दिलेला. एकीकडे मनाचा मोठेपणा आणि दुसरीकडे पुढच्या नुकसानीचा हिशेब, या दोन्हींच्या जोडीने तो तह झाला. (वसईच्या चर्चमधल्या घंटा मात्र लूट म्हणून गेल्या. त्यांतली एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर, एक वाईजवळ मेणवलीला आजही आहे. युद्धात सांस्कृतिक ठेव्याला हात लावू नये असा करार व्हायला १९५४ उजाडावे लागले.)

युद्धकायद्याचा पुढचा सगळा इतिहास या दोन घटकांच्या ओढाताणीचा आहे असे मला वाटते, आणि त्यात दुसऱ्याचे पारडे आपण मानतो त्यापेक्षा जड आहे. पाठ्यपुस्तकात पहिला घटक येतो: १८५९ चे सोल्फेरिनोचे रणांगण, तिथे तडफडणारे जखमी, ते पाहून हेलावलेला आंरी द्युनाँ, त्यातून उभी राहिलेली रेड क्रॉस आणि १८६४ चा पहिला जिनिव्हा करार. हे खरे आहे. पण लगेच पुढचे पान उलटा. १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला युरोपातली राष्ट्रे जमली आणि ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्या वापरायच्या नाहीत असे ठरले. बोलावणे रशियाचे होते. कारण असली गोळी रशियानेच तयार केली होती, आणि ती उद्या दुसऱ्यांकडे असेल हे त्याला दिसत होते.

विषारी वायूची गोष्ट आणखी स्पष्ट आहे. १९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने रासायनिक अस्त्रांच्या वापरावर बंदी घातली. दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या रणांगणावर जर्मनी आणि ब्रिटन दोघांकडेही वायूचे साठे होते, आणि कोणी तो दुसऱ्यावर सोडला नाही. पण त्याच्या थोडेच आधी, १९३५-३६ मध्ये, इटलीने इथिओपियावर मस्टर्ड वायू विमानांतून फवारला. दोन्ही देश त्याच प्रोटोकॉलने बांधलेले होते. फरक इतकाच की इथिओपियाला तोच वायू रोमवर टाकता येत नव्हता. कागद एकच, शब्दही तेच. एका ठिकाणी त्यांना वजन आले, दुसऱ्या ठिकाणी नाही.

या मताला छेद देणारे उदाहरण आपल्याच घरचे आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्याच्या शरणागतीनंतर सुमारे ९३,००० पाकिस्तानी सैनिक आणि इतर लोक भारताच्या ताब्यात होते. पाकिस्तानच्या हाती असलेल्या भारतीय कैद्यांची संख्या त्याच्या जवळपासही नव्हती. हिशेब पूर्ण एकतर्फी होता, तरी तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणे त्यांना ठेवले गेले आणि १९७४ पर्यंत परत पाठवले गेले. फक्त भीतीवर कायदा चालतो म्हणणाऱ्याने या ९३,००० माणसांपाशी थांबावे. मला ते अपवाद वाटतात, पण मोठे अपवाद.

आता तारापूरकडे. धरणे, बांध आणि अणुवीज केंद्रे यांना कायद्यात एकत्र बसवले जाते, कारण त्यांच्यात कोंडलेली शक्ती बॉम्बपेक्षा मोठी असते. टाकणारा एक बॉम्ब टाकतो आणि मरणारे पुढच्या शंभर गावांतले असतात. १९३८ मध्ये जपानी फौज अडवण्यासाठी चिनी सरकारने स्वतःच पीत नदीचा बांध फोडला, त्यात लाखो चिनी माणसे गेली. १९४३ च्या मे महिन्यात ब्रिटिश विमानांनी जर्मनीची म्योने आणि एडर ही धरणे फोडली. इंग्रजी सिनेमाने त्या वैमानिकांना अमर केले, पण बुडून मेलेल्या हजाराहून अधिक माणसांत मोठा भाग जर्मनांनी वेठीला धरून आणलेल्या परदेशी मजुरांचा होता, हे त्या पराक्रमकथेत सहसा येत नाही. १९५३ मध्ये कोरियात अमेरिकी विमानांनी सिंचनाची धरणे फोडली.

हे थांबवण्याचा पहिला नीट मसुदा रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने १९५६ मध्ये केला आणि तो १९५७ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे ठेवला. ही परिषद भरली होती नवी दिल्लीत. ट्रॉम्बेची ‘अप्सरा’ अणुभट्टी तेव्हा जेमतेम वर्षाची होती आणि तारापूर म्हणजे चिंचणीच्या शेजारचे एक जुने किल्ल्याचे गाव, एवढेच. मसुद्याच्या सतराव्या कलमात जलविद्युत धरणे, अणुवीज केंद्रे आणि बांध यांची नावे होती, आणि राष्ट्रांना सुचवले होते की अशा ठिकाणांना हात लावायचा नाही, हे त्यांनी शांततेच्या काळातच आपापसांत ठरवून टाकावे. बड्या राष्ट्रांना त्या मसुद्यातले अण्वस्त्रांबद्दलचे कलम खुपत होते. त्यांनी सगळाच मसुदा बासनात गुंडाळू दिला.

अमेरिकेशी १९६३ मध्ये करार झाला, जनरल इलेक्ट्रिकने बांधलेल्या तारापूरच्या दोन अणुभट्ट्या ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या, आणि दोनच वर्षांनी युद्ध पेटले. डिसेंबर १९७१ मध्ये या किनाऱ्यावर दिवे मालवले जात होते तेव्हा तारापूर चालू केंद्र होते, आणि जगातल्या कोणत्याही लागू करारात अणुवीज केंद्राचे नाव नव्हते. नागरिकांना जपा, अनावश्यक विध्वंस करू नका, असे सर्वसाधारण नियम होते, तेवढाच आधार.

१९७७ चे कलम ५६ ही त्या जुन्या मसुद्याचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती. ते म्हणते: अशी केंद्रे लष्करी लक्ष्य ठरत असली तरी, हल्ल्यामुळे आतली शक्ती सुटून नागरिकांची मोठी हानी होणार असेल तर हल्ला करू नका. लगेच पुढे अपवाद येतो. केंद्राची वीज लष्करी कारवायांना नियमित, लक्षणीय आणि थेट बळ देत असेल, आणि ते तोडायला हल्ल्याखेरीज दुसरा व्यवहार्य मार्ग नसेल, तर हे संरक्षण उठते. तारापूरची वीज ग्रिडमध्ये जाते. ग्रिडमधली वीज माझगावच्या गोदीत किती आणि विरारच्या चाळीत किती जळते, हे कोण सांगणार? हल्लेखोराच्या वकिलाला ‘नियमित’ आणि ‘थेट’ हे दोन शब्द पुरेसे आहेत. कलमाने एक खूणही सुचवली आहे: एका रेषेत तीन भडक नारिंगी वर्तुळे, म्हणजे वैमानिकाला लांबून कळावे. आज क्षेपणास्त्राला अक्षांश-रेखांश दिलेले असतात आणि ते शेकडो किलोमीटरवरून सुटते. वर्तुळे बघायला तिथे कोणाचा डोळाच नसतो.

आणि मग इस्लामाबाद. जून १९८१ मध्ये इस्रायलने इराकची ओसिराक अणुभट्टी बॉम्ब टाकून उडवली. त्यानंतर काही वर्षे भारत-पाकिस्तानात तोच प्रयोग होणार अशी कुजबुज होती: भारत पाकिस्तानच्या कहुटा अणुकेंद्रावर जाईल, आणि गेला तर पाकिस्तान ट्रॉम्बेवर येईल. कहुटापासून इस्लामाबाद किती जवळ, ट्रॉम्बेपासून मुंबई किती जवळ, हे दोघांनाही ठाऊक होते. वारा कुठल्या दिशेला वाहील हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. १७ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीत राजीव गांधी आणि जनरल झिया यांनी तोंडी ठरवले की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबादेत राजीव गांधी आणि बेनझीर भुत्तो यांच्या उपस्थितीत परराष्ट्र सचिवांनी कागदावर सह्या केल्या. २७ जानेवारी १९९१ पासून तो करार लागू झाला. दिल्लीतल्या परिषदेपुढच्या मसुद्याने राष्ट्रांना सुचवलेली गोष्ट तीन दशकांनी दोन शेजाऱ्यांनी आपापसांत केली, बहुधा तो मसुदा कोणाच्या लक्षातही नसताना.

करार छोटा आहे, आणि जिनिव्हाच्या कलमापेक्षा रुंद. अणुकेंद्रांपैकी कलम ५६ फक्त अणुवीज निर्मिती केंद्राचे नाव घेते. तारापूरच्या कुंपणाआड मात्र वीज केंद्राखेरीज भाभा अणुसंशोधन केंद्राचे इंधन पुनर्प्रक्रियेचे काम चालते, वापरलेले इंधन असते. जिनिव्हाच्या अक्षरांत ते सहज बसत नाही. इस्लामाबादच्या करारात संशोधन भट्ट्या, इंधन तयार करणारी, युरेनियम समृद्ध करणारी आणि पुनर्प्रक्रिया करणारी केंद्रे, किरणोत्सारी पदार्थांची मोठी साठवण, असे सगळे आहे. त्यात वीज लष्कराला जाते की नाही, हा प्रश्नच नाही. शिवाय ‘हल्ला’ एवढ्यावर तो थांबत नाही; नुकसान करण्याच्या हेतूने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणतीही कृती करायची नाही, कोणाला तशी चिथावणी द्यायची नाही, असे तो म्हणतो. १९८८ मध्ये कोणाच्या डोक्यात सायबर हल्ला नसणार. पण २०१९ मध्ये कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या कार्यालयीन संगणकांत घुसखोरी झाल्याचे न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने मान्य केले, तेव्हा हेच सैल शब्द उपयोगी वाटू लागले.

दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी अक्षांश-रेखांशांसह एकमेकांना देतात. यादीत काय आहे ते जाहीर होत नाही. तारापूर नसेल असे मानणे मात्र कठीण आहे. पहिली यादी १९९२ मध्ये दिली-घेतली गेली. कारगिलनंतर ती थांबली नाही. संसदेवरील हल्ल्यानंतर दोन्ही सैन्ये सरहद्दीवर उभी असताना, २००२ च्या १ जानेवारीलाही ती दिली गेली. २६/११ नंतर पाच आठवड्यांनी दिली गेली. २०२५ ची खेप चौतिसावी होती.

या करारामुळेच तारापूर सुरक्षित राहिले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. दोघांकडे अण्वस्त्रे आहेत, ती भीती कराराहून मोठी आहे. पण शेजारी एक तुलना ठेवून पाहावी. रशिया आणि युक्रेन हे दोघेही १९७७ च्या प्रोटोकॉलचे सदस्य, दोघांनाही कलम ५६ लागू. मार्च २०२२ मध्ये युरोपातले सर्वांत मोठे झापोरिझ्झिया अणुवीज केंद्र रशियन फौजेने लढून ताब्यात घेतले आणि आवारात लष्करी वाहने उभी केली. जून २०२३ मध्ये काखोव्का धरण फुटले, आणि तेच पाणी त्या केंद्राच्या थंडाव्यासाठी लागत होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला आधी सात आधारस्तंभ आणि नंतर पाच तत्त्वे अशी नवी भाषा जुळवावी लागली, कारण असल्या केंद्रात शत्रू मुक्काम ठोकेल हे कलम लिहिणाऱ्यांना सुचलेच नव्हते. जगाचा कायदा ज्यांना लागू, त्यांच्यात केंद्र रणांगण झाले. ज्यांना लागू नाही, त्यांच्या दोन पानी कागदाला तीन दशकांत उघड तडा गेलेला नाही.

पण भीतीच्या हिशेबातून आलेल्या संरक्षणाचा एक दोष असतो. हिशेबात जे धरलेले नसते ते उघड्यावर राहते. बोईसर स्टेशनाच्या पश्चिमेला नवापूर रोडने निघालात तर अणुकेंद्राच्या आधी तारापूर एमआयडीसी लागते. रंग, औषधे, आम्ले, कापडप्रक्रिया. रस्त्याला टँकर उभे, त्यांच्या पाठीवर नारिंगी फलक आणि त्यावर रसायनाचा क्रमांक. युद्ध नसतानाही इथे स्फोट होतात. ११ जानेवारी २०२० च्या एका स्फोटात आठ माणसे गेली. केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरच्या आपत्कालीन नियोजनाच्या वर्तुळात ही वसाहत येते. तिच्यावर क्षेपणास्त्र पडले तर मात्र कलम ५६ गप्प आहे. त्यात धरण आहे, म्हणजे पालघर-बोईसरला पाणी देणारे सूर्या प्रकल्पाचे धामणी आहे, अणुकेंद्र आहे, पण रसायनांची टाकी नाही. १९७७ पूर्वीच्या वाटाघाटींत तेलाच्या साठ्यांसारखी आणखी ठिकाणे घालण्याच्या सूचना आल्या होत्या, त्या मान्य झाल्या नाहीत. भोपाळ व्हायला अजून सात वर्षे होती. पुढे १९९९ च्या एप्रिलमध्ये नाटोच्या विमानांनी सर्बियातल्या पांचेवोचा पेट्रोकेमिकल कारखाना जाळला आणि विषारी धूर गावावर आला. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या सुमी शहरात तोफमाऱ्यानंतर कारखान्यातून अमोनिया गळला. नागरिकांची हानी लष्करी लाभाच्या मानाने बेसुमार होऊ नये, हा सर्वांना बांधणारा रूढ नियम अशा ठिकाणीही लागू आहे. पण तो तोलावा लागतो, आणि तोलणारा हल्लेखोरच असतो. अणुकेंद्राच्या यादीला असले तोलणे लागत नाही, तिथे नाव असले की झाले. इस्लामाबादच्या कागदाला मोठ्या रासायनिक वसाहतींची एक पुरवणी जोडायला दोन्ही बाजूंचे नुकसान काहीच नाही. कराचीलाही असे कारखाने आहेत. ही मागणी कोणी केली तर ती सगळ्यात आधी बोईसरहून यायला हवी.

दुसरी गोष्ट समुद्रावरची. १ जानेवारीलाच आणखी एक यादी दिली-घेतली जाते. २००८ च्या कराराप्रमाणे दोन्ही देश परस्परांच्या तुरुंगातले कैदी आणि मच्छीमार दर १ जानेवारी आणि १ जुलैला कळवतात. २०२५ च्या आरंभी पाकिस्तानच्या यादीत २१७ मच्छीमार भारतीय किंवा भारतीय समजले जाणारे होते. ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारी डहाणू-पालघरची माणसे त्यांत वर्षानुवर्षे असतात. घरच्या भातशेतीत वर्ष निघत नाही, म्हणून गणपतीच्या आसपास गुजरातला जायचे आणि पावसाआधी परतायचे, असा हा क्रम. सर खाडीची सीमा ठरलेली नाही, समुद्रावर रेघ आखलेली नाही, आणि बोट धरली की तांडेलाबरोबर खलाशीही आत जातो. नोव्हेंबर २०२१ मध्ये पालघर तालुक्यातल्या एका मच्छीमाराचा ओख्याजवळ पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाच्या गोळीबारात मृत्यू झाला. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी कराचीच्या तुरुंगात वारला, आणि मृतदेह घरी यायला महिन्याहून अधिक काळ लागला.

किनाऱ्याजवळ मासेमारी करणारी होडी युद्धात पकडायची नाही, हा नियम अणुकेंद्राच्या नियमाहून कितीतरी जुना आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०० मध्ये दोन क्यूबन होड्यांच्या प्रकरणात तो पक्का केला आणि १९०७ च्या हेग कराराने तो लिहून घेतला. म्हणजे भारत-पाकिस्तानात उद्या युद्ध पेटले, तर कागदावर तरी लहान होडीला धरू नये असा दंडक आहे. शांततेच्या काळात मात्र तीच होडी धरली जाते. शांततेच्या समुद्री कायद्यातही मासेमारीच्या गुन्ह्यासाठी, तसा करार नसेल तर, परक्या खलाशाला तुरुंगात घालू नये असे कलम आहे, आणि तो कायदा दोन्ही देशांनी मान्य केला आहे. तरी मच्छीमार तुरुंगात आहेत, कारण खलाशी पकडल्याने कोणत्याही राजधानीचा जीव घाबरा होत नाही.

त्यांच्या सुटकेसाठी नवा कायदाही लागत नाही. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती २००७ मध्ये ठरली होती. तिने तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटायचे आणि सुटका सुचवायची. तिची शेवटची भेट ऑक्टोबर २०१३ मध्ये झाली. अणुकेंद्रांची यादी दर वर्षी न चुकता जाते, मग या समितीची बैठक तेवढीच नियमित व्हावी, हे दिल्लीत जाऊन ठणकावून सांगायला पालघरच्या कोणत्याही खासदाराला आंतरराष्ट्रीय कायद्याची पदवी लागत नाही.